व्हायोलिनच्या सुटलेल्या कडा, गजाचे केस: गावातल्या कारागिराला आधी कोणतं काम द्यावं?

चिपळूण_क्लास:
क्लासमध्ये आठ साधी फॅक्टरी व्हायोलिनं आहेत. पावसाळ्यात त्यातल्या दोन व्हायोलिनांच्या वरच्या फळीची कड सुटली, चार गज (घोड्याचे केस लावलेल्या, वाजवायच्या काड्या) ताणलेच जात नाहीत. दरवेळी मुंबईला पाठवणं परवडत नाही. मिरजेला सतार-तंबोऱ्याचं काम शिकलेला एक तरुण इथे आहे. हात चांगला, पण व्हायोलिन कधी केलेलं नाही. त्याला तयार करायचं तर सुरुवात कशाने? आणि कड फेविकॉलने चिकटवली तर?

सरस_साठ_अंश:
फेविकॉल अजिबात नको. कड सुटणं ही मुळात सोय आहे. हवेतल्या ओलाव्याने फळी आडवी फुगते-आकसते. सांधा मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, म्हणजे फळी तडकण्याआधी तो सुटतो. फेविकॉलचा सांधा तसा सुटत नाही, नीट उकलताही येत नाही आणि त्याच्या थरावर पुढे जनावरी सरस (कातड्या-हाडांपासूनचा गोंद) धरत नाही.

जनावरी सरसाचे दाणे वजनाच्या दुप्पट थंड पाण्यात तास-दोन तास भिजवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 60 अंशांपर्यंत तापवा. सरस उकळला की ताकद गेली. वरच्या फळीसाठी आणखी पाणी घालून दुधासारखा पातळ करा.

तारा ढिल्या करा, पण पूर्ण काढू नका. आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमध्ये नुसता दाबाने उभा असलेला दांडू) पडतो. जुना सरस कोमट पाण्याने आणि पातळ पात्याने साफ करा. आधी कोरडेच क्लॅम्प लावून कड बसते का बघा. मग पात्यानेच सरस आत सारा, लगेच क्लॅम्प लावा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसा. स्पिरिट लावू नका, वॉर्निश उठेल. क्लॅम्प 24 तास राहू द्या. आणि पंखा बंद! वाऱ्याने सरस मिनिटभरात गोठतो, मग कितीही आवळा, सांधा पोकळच.

कॉर्कच्या चकत्या लावलेले क्लॅम्प कोणताही खरादी बोल्टवर करून देईल. पूर्ण फळीला तीसेक लागतात, सध्या आठ-दहा पुरेत.

गजकेस:
शिकायला गजच बरा, कारण चुकलं तरी बहुतेक वेळा केसच वाया जातात. एका गजाला 150 ते 200 केस लागतात. टोकाकडची गाठ दोऱ्याने घट्ट बांधायची, कापलेल्या टोकांना राळेची पूड लावून ज्योतीने हलकं भाजायचं, म्हणजे केस सटकत नाहीत. टोकाच्या खाचेत बसवायची पाचर मऊ लाकडाची हवी. तिला सरस लावायचा नाही आणि ठोकायची तर मुळीच नाही. जास्त घट्ट झाली की टोकाच्या भिंती फुटतात. नवशिक्यांची हीच चूक सगळ्यात महाग पडते.

केस दमट हवेत लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. जुलैत नेमके मापाचे बांधले तर जानेवारीत केस ताणायचा स्क्रू पूर्ण सोडूनही गज ताणलेलाच राहतो, काडी वाकते किंवा टोक तुटतं. म्हणून पावसाळ्यात बांधताना स्क्रू सोडल्यावर केसांना थोडा झोल दिसलाच पाहिजे. तुमचे गज कोरड्या दिवसांत बांधलेले असतील, म्हणून आता ताणले जात नाहीत.

जुना पर्नांबुकोचा गज मात्र त्याच्या हाती देऊ नका. या ब्राझीलच्या झाडावर 2007 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय कराराचे व्यापारनिर्बंध आहेत, तसं लाकूड सहज मिळत नाही. टोकावरची पट्टी फुटली तर हाडाची घाला; हस्तिदंताचा विचारही नको, कायद्याने बंदी आहे.

चिपळूण_क्लास:
एका व्हायोलिनला आधीच कुणीतरी फेविकॉल लावलंय.

सरस_साठ_अंश:
तेच सरावाला द्या. कोमट ओल्या पट्टीने फेविकॉलचा थर मऊ करत, कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडावा लागेल. पात्याची घाई केली की फळीची कड चिरते.

खुंटी_तीस:
खुंट्यांबद्दल एक. व्हायोलिनच्या खुंटीचा उतार 1:30 असतो, म्हणजे 30 मिमी लांबीत 1 मिमी व्यास कमी. सतारीच्या सवयीने भोक मोठं केलं तर ते भरून पुन्हा पाडावं लागतं. रीमर (भोक निमुळतं करायचं हत्यार) आणि खुंटी तासायचं यंत्र एकाच उतारातलं, तुम्हीच विकत घेऊन द्या. सुरुवातीच्या तुटपुंज्या कामावर त्याला तो खर्च झेपणार नाही. सरस आणि केसही तुमच्याकडून. वाया गेलेल्या पहिल्या चार-पाच गजांचीही मजुरी द्या, नाहीतर तो पुन्हा तंबोऱ्याकडे वळेल आणि त्यात त्याची चूक नाही.

साउंडपोस्टखालची चीर, मान बसवणं, आतली बास-बार (वरच्या फळीला आतून चिकटवलेली लांब पट्टी) ही कामं वर्षभर तरी मुंबईलाच. प्रत्येक गजावर केस बांधल्याचा महिना चिकटपट्टीवर लिहायला लावा.