अर्धपोटी उठल्यास बिरकत हामाझोन म्हणावे का?

पोट भरले नसेल तर बिरकत हामाझोन, म्हणजे ज्यूंची जेवणानंतरची प्रार्थना, म्हणावी का, असे वर विचारले आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (८:१०) खाऊन तृप्त झाल्यावर देवाचे आभार मानण्याची आज्ञा आहे. परंतु रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, ही मर्यादा ऑलिव्हच्या फळाएवढ्या पावापर्यंत खाली आणली, त्यामुळे अर्धपोटी उठणाऱ्यानेही ती म्हणायचीच असते. पाव न खाता नुसता भात खाल्ला, तर मात्र चार आशीर्वादांच्या या प्रार्थनेऐवजी एक छोटा आशीर्वाद म्हणतात. विसरून उठल्यास जेवलेल्या जागी परत जाऊन, अन्न पचण्याआधी, साधारणतः ७२ मिनिटांच्या आत, ती म्हणणे उत्तम. प्रार्थनेच्या वेळी सुरी झाकून ठेवतात, पावाचा तुकडा मात्र मेजावर राहू देतात. ही प्रथा मला मनापासून भावते.