विषय: व्हॅनमध्ये पुन्हा ओल, छताची खिडकी उघडी की बंद?

चिटणीस:
मंडळी, नमस्कार.
शनिवारी आपली सहलीची, आत झोपायची सोय असलेली व्हॅन उघडली तर दारातच कुबट वास. मागची गादी उचलली, खालच्या प्लायवर तळहाताएवढे काळे डाग, बोट फिरवलं तर बोटाला ओल लागली. वसंतात एवढी घासपूस करून परत तेच! ऑक्टोबरात छताची खिडकी मी पहिल्या खाचेवर, म्हणजे किंचित उघडी ठेवली होती, ती आता घट्ट बंद आहे. कुणी लावली? आणि मुळात ती कशी ठेवायची हे एकदाचं ठरवू या.

काका:
मी लावली. नऊ वर्षं व्हॅन मी बघतो आहे, विचारून घेतलं असतं तर बरं झालं असतं. आत ओल शोषणारा डबा ठेवलाय. खिडकी उघडी ठेवली तर तो डबा बाहेरचीच हवा सुकवत बसणार.

सहलप्रमुख:
काका, डब्यापुरतं तुमचं म्हणणं पटतं. पण तो डबा बादलीत ठेवा हो. आमच्या व्हॅनमध्ये असाच एक कलंडला. त्यातलं पाणी म्हणजे ओल शोषणाऱ्या क्षाराचं, कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, ते सीटच्या रुळावर सांडलं आणि दोन महिन्यांत रूळ गंजून सीट सरकेना.

खजिनदार:
कलंडतो तर डबा हवाच कशाला? आठवड्यातून एकदा तासभर गॅसचा हीटर लावू, सगळं खडखडीत वाळेल. मी येईन लावायला.

काकू:
भाऊजी, कृपा करून तसं करू नका. 1 किलो प्रोपेन जळलं की जवळपास 1.6 किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. धुराड्याशिवायचा हीटर असेल तर ते सगळं आतच राहणार. आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळी.
ओल येते कुठून ते आधी बघा. 20 अंशांची हवा घनमीटरमागे साधारण 17 ग्रॅम वाफ धरते, 5 अंशांची जेमतेम 7. उरलेली थंड पत्र्यावर आणि गादीखाली जमते. पण रिकाम्या व्हॅनच्या हवेत अशी वाफ असून असणार किती? शंभरेक ग्रॅम. मला वाटतं, मागच्या सहलीचा तंबू ओलाच आत गेला. तो कुणी ठेवला?

सहलप्रमुख:
तंबू मीच ठेवला, रात्र झाली होती. चूक झाली. उद्या काढून नेते.

काका:
तंबूचं सोडा. खिडकीचं काय?

काकू:
वीज जोडलेली नाही, म्हणजे वारा खेळायलाच हवा. खिडकी खाचेवर, गाद्या उभ्या आणि भिंतीपासून सुट्या, कपाटं उघडी, फ्रिजचं दार किलकिलं. पुढे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं विजेचं यंत्र आणला तर खिडक्या लावा, पण जमिनीलगतची जाळी कधीच बुजवू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच खाली जातो. आणि कॉम्प्रेसरवाला घेऊ नका, थंडीत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो.

खजिनदार:
डिह्युमिडिफायरचा खर्च कार्यकारिणीत मांडावा लागेल. परस्पर आणू नये.

चिटणीस:
आज ओल मोजायचं मीटर लावून पाहिलं. प्लायवर बहुतेक ठिकाणी 12 टक्के, पण मागच्या डाव्या कोपऱ्यात 24. वीसच्या वर गेलं की पाणी बाहेरून शिरतंय असं धरतात. डाग त्याच कोपऱ्यात सर्वात गडद आहेत, आणि वर बरोबर बाहेर ताणायच्या कापडी छपराच्या रुळाचा जोड. म्हणजे तंबू आणि खिडकी दोन्ही दुय्यम, आधी त्या जोडात भरलेलं सील बघायला हवं.
काका, जुनं सील तुम्हीच भरलं होतं ना? रविवारी शिडी आणि किल्ली घेऊन याल का? मी खरवडायला येतो. तोपर्यंत खिडकी खाचेवर राहू दे.

काका:
येतो. दहाला. पाऊस असला तर नको, ओल्यावर सील धरत नाही.