बेसलाइन थंडीतली अन मोजणी मे महिन्यातली
धातूच्या प्लेटमधे अल्ट्रासाउंड लहरी सोडून तडे शोधायचे तर म्हणतात की चांगल्या प्लेटचा सिग्नल (म्हणजे बेसलाइन) एकदा साठवला की नंतरच्या सिग्नलमधून तो नुसता वजा करायचा, फरक दिसला म्हणजे तडा. तत्त्व बरोबर आहे हो, पण आमच्या जळगावात करून बघा! जानेवारीत सकाळी १२ डिग्रीला बेसलाइन घेतली, मे मधे दुपारी ४४ ला तीच अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मोजली तर सगळीकडे डॅमेज, अन प्लेट ठणठणीत. तापमान वाढलं की लॅम्ब वेव्हचा (प्लेटमधून पसरणाऱ्या त्या लहरींचा) वेग जरासा कमी होतो, सिग्नल उशिरा येतो आणि वजाबाकीत तो उशीरच तड्यासारखा दिसतो, अंतर जितकं लांब तितका जास्त. पिझोखालचा (लहरी सोडणाऱ्या अन टिपणाऱ्या सेन्सरखालचा) गोंद उन्हात मऊ पडतो ती कटकट वेगळीच. शेवटी दर काही डिग्रीला एक अशा बेसलाइन घेऊन ठेवल्या, जवळची निवडायची अन उरलेला फरक सिग्नल वेळेच्या अक्षावर थोडा ताणून जुळवायचा.