मदत हवी आहे: टेक-ऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर कुठलं रान निवडायचं?

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रात सेसना १५२ या दोन आसनी विमानावर उडायला शिकतेय, पहिला सोलो (इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उड्डाण) जवळ आलाय. प्रश्न वैमानिकांना आहे, तितकाच शेतकऱ्यांनाही.

इंजिन गेलं की धावपट्टीकडे परत वळायचं नाही, हे मला पटलंय. गणित मांडून पाहिलं. ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर) वेग आणि पंखांचा ३० अंशांचा कल धरला तर वळणाची त्रिज्या २०० मीटरच्या आसपास येते. म्हणजे अर्धं वळण पुरं होईपर्यंत धावपट्टी ४०० मीटर बाजूला राहिलेली, तिच्यावर यायला आणखी वळायचं. कल ४५ अंशांवर नेला तर वळण आवळतं, पण स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत) १९ टक्क्यांनी वाढतो, आणि तिथे स्टॉल झाला तर सावरायला उंचीच उरत नाही. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सांता मोनिकाहून उडाल्यावर अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या जुन्या रायन विमानाचं इंजिन असंच गेलं. ते परत वळले, पण धावपट्टी गाठता येणार नाही हे दिसल्यावर शेजारच्या गोल्फ कोर्सवर उतरले. जबर लागलं, पण वाचले.

म्हणून समोरच उतरायचं. नाक खाली, ६० नॉट, मिक्श्चर कट-ऑफ (इंजिनाला जाणारं इंधन तोडायचं), फ्युएल बंद, इग्निशन बंद, फ्लॅप (वेग कमी ठेवणाऱ्या पंखांच्या झडपा) गरजेप्रमाणे, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. हा क्रम तोंडपाठ आहे. अडतंय ते त्याच्या पुढे. आमच्याकडे धावपट्टी संपली की कुठे उभा ऊस, कुठे तोडणी झालेलं रान, कुठे नुकत्या पाडलेल्या सऱ्या, मधे बांध, विहिरी, शेततळी. पुस्तकातल्या चित्रांत मात्र सपाट हिरवं कुरण. ५०० फुटांवरून खाली यायला जेमतेम पाऊण मिनिट मिळतं, त्यात हे सगळं वाचायचं कसं? उसात उतरणं बरं की सऱ्यांत? पावसाळ्यात काळ्या रानात पुढचं चाक रुतून विमान उलटेल का?

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. पाऊण मिनिटात रान निवडायला जाऊच नका, ते आधीच निवडलेलं असायला हवं. सुट्टीच्या दिवशी दोन्ही टोकांपुढचा दोनेक किलोमीटर पट्टा मोटरसायकलवरून फिरून या. पिकं बदलतात, तेव्हा दर हंगामात पुन्हा. मग रोज टेक-ऑफपूर्वी मोठ्याने म्हणा: आज वारा इकडून, इंजिन गेलं तर त्या रानात.

दुसरं, विमान वाचवायच्या मागे लागू नका. ताशी ५० मैल वेगाने टेकलात आणि ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतका झटका धरला, तरी थांबायला दहा फूटसुद्धा लागत नाहीत. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट. म्हणून वाऱ्याकडे तोंड, पूर्ण फ्लॅप आणि शेवटपर्यंत ताबा. पंख मोडले तर मोडू देत, केबिन शाबूत राहिली पाहिजे. टेकण्याआधी दारांच्या कड्या काढून ठेवा, सांगाडा वाकला की दारं अडकतात. रान मऊ असेल तर कंट्रोल व्हील मागे ओढून धरून पुढचं चाक जमेल तितका वेळ वर ठेवा.

प्रतिसाद २
मी विमानात कधी बसलो नाही, रानाचं मात्र सांगू शकतो. सऱ्या असतील तर सरीच्या दिशेनेच या, आडवं आलात तर प्रत्येक वरंब्यावर आपटाल. सरीत पाणी चमकताना दिसलं तर ते रान सोडा. वाफसा (पाणी ओसरून रानात पाय ठेवता येईल इतकीच ओल) यायला काळ्या मातीत दिवस जातात, तोवर माणूससुद्धा घोट्यापर्यंत रुततो. तोडणी झालेलं रान पाचटामुळे पिवळसर दिसतं, खाली खोडकी असतात पण जमीन घट्ट असते, मी तेच धरेन. उभा ऊस माणसाच्या दुप्पट उंच असतो आणि आतले बांध, दगड काहीच दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त भीती तारांची. वरून तार दिसणार नाही, खांब शोधा. आणि जिथे विहीर तिथे मोटर, जिथे मोटर तिथे तार, हे धरूनच चाला.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी दोन्ही टोकं फिरून येते. दादा, आणखी एक विचारते: तोडणी झालेलं रान वाऱ्याला आडवं असेल आणि सऱ्यांचं रान नेमकं वाऱ्याच्या तोंडावर, तर कशाला आधी मान द्यायचा?

प्रतिसाद १
वारा दहा नॉटच्या आत असेल तर जमिनीला. त्याहून जास्त असेल तर वाऱ्याला, पण सऱ्याही त्याच दिशेच्या असतील तरच.