मुंबई–नेवार्क थेट विमान: आईसाठी इकॉनॉमीत कुठली सीट?

निशिगंध:
आई ६८ वर्षांची, उंची पाच फुटांच्या आत, गुडघे दुखतात. पंधरा-सोळा तासांचा प्रवास. जास्त पैसे भरून पुढची, समोर आडवी भिंत असलेली सीट घ्यावी का? कंबर, पाय आखडू नयेत म्हणून आणखी काय करता येईल?

रानपाखरू:
भिंतीलगतची नको. तिथे ट्रे सीटच्या हातात (आर्मरेस्टमध्ये) बसवलेला असतो, त्यामुळे सीटचे हात वर होत नाहीत आणि बसायला जागाही जरा कमीच. उड्डाण-उतरणीच्या वेळी पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. शिवाय तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लावतात! संकटकालीन दाराजवळची सीट गुडघेदुखीवाल्यांना देतच नाहीत. सरळ आइल, म्हणजे चालायच्या वाटेकडची सीट घ्या. बऱ्याच विमानांत आइलकडच्या हाताखाली, बिजागरीजवळ खटका असतो. तो दाबून सीटचा हात वर केला की उठताना गुडघ्यांवर पीळ पडत नाही. खटका पटकन दिसत नाही, एअर होस्टेसला विचारायला सांगा.

कोकणकडा:
उंची कमी असली की तळवे जमिनीला नीट टेकत नाहीत. मग सीटची कड मांडीत रुतते आणि पाय सुजतात. उड्डाणानंतर छोटी मऊ बॅग पायांखाली घ्यावी. शालीची गुंडाळी कमरेच्या खळग्यात, बेल्टच्या किंचित वर. त्याखाली सरकली तर उलट पोक येतं. मानेच्या उशीचा जाड भाग मागे ठेवला तर डोकं पुढे ढकललं जातं, म्हणून उशी फिरवून तो हनुवटीखाली आणावा.

सुमा_ठाणे:
पायांवर दाब देणारे मोजे राहिले. गुडघ्याखालपर्यंतचे, १५–२० एमएमएचजी (दाब मोजायचं एकक) दाबाचे. घोट्याचा आणि पोटरीचा घेर सकाळी, सूज नसताना मोजा. वरची कड दुमडू नका, तिथेच काचते. मधुमेह किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तासातासाने पावलं वर-खाली वीसेक वेळा, दीड-दोन तासांनी एक फेरी. झोपेची गोळी नकोच, माणूस तासन्‌तास हलत नाही. आदल्या दिवशी छोले-राजमा टाळा, वर हवेचा दाब कमी असल्याने पोटातला वायू फुगतो.

निशिगंध:
आभार! व्हीलचेअर मागावी का?

रानपाखरू:
नक्की. निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. आणि बेल्ट पांघरुणाच्या वरून बांधायला सांगा, नाहीतर बेल्ट बांधायचा दिवा लागला की तपासायला झोपेतून उठवतात.