एकच फोन, दोन पोरं आणि नारळी पौर्णिमा झाली की फोन चालला समुद्रात. काय करू?

बंदरावरची_आई
२४ जुलै २०२०, रात्री ११.४०

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत नुसती वाचायचे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही दापोली तालुक्यातले, हर्णै बंदराच्या बाजूचे. मुलगी सातवीला, मुलगा तिसरीला. घरात फोन दोन, एक बटनाचा तो सासऱ्यांकडे आणि एक टचस्क्रीनचा तो आमच्या ह्यांचा. शाळा १५ जूनपासून ऑनलाईन सुरू झाली पण आमच्याकडे ३ जूनच्या निसर्ग वादळानंतर लाईटच नव्हती, अर्धी कौलं फुटलेली, पडवीचा पत्रा शेजारच्यांच्या वाडीत जाऊन पडलेला, त्या गडबडीत शाळा कुणाला आठवते.

आता लाईट आली तर रेंज नाही. घरात माळ्यावरच्या खिडकीत एक दांडी येते, ती पण फोन खिडकीच्या गजाला टेकवला तर. चांगली रेंज देवळाच्या वळणावर. मुलगी तिथे पायरीवर बसते, होडीवर फोन ठेवायची प्लॅस्टिकची पिशवी असते ना गळ्यात अडकवायची, त्यात फोन घालून, वर छत्री. पावसात आवाज काही येत नाही पण हजेरी लागते म्हणून बसते. सकाळी १० ते १ तिचे चार पिरियड सलग. आणि मुलाचा तास ११ ला. म्हणजे रोज ११ वाजता घरात भांडण ठरलेलं.

मुलाचं तर काय सांगू. परवा मी मागून बघितलं तर हा तोंड अर्धं उघडं ठेवून डोळे न हलवता पुतळ्यासारखा बसलेला. मला वाटलं चक्कर आली का काय. तर म्हणे "आई हळू बोल, बाईंना वाटतंय माझं नेट हँग झालंय". प्रश्न विचारला की हा हँग होतो!! मी एक ठेवून दिली पाठीत. मग रात्रभर मलाच झोप नाही. हसावं का रडावं कळत नाही हो.

आता खरी अडचण. ३१ ला मासेमारीची बंदी संपतेय, ३ तारखेला नारळी पौर्णिमा, ती झाली की हे बोटीवर जाणार आणि फोन त्यांच्यासोबत. आठ आठ दिवस. फोन ठेवून जा म्हणणं पण बरोबर नाही, समुद्रात माणूस आहे, त्याच्याकडे फोन नको का. दुसरा घ्यायला यंदा पैसे नाहीत, मार्चपासून धंदा बसलाय आणि उरलेलं कौलांत गेलं.

मी स्वतः नववीपर्यंत. मुलीचं गणित मला येत नाही, अपूर्णांक वगैरे तर अजिबात नाही. शेजारीण म्हणते वर्ष फुकट जाणार. खरंच जाणार का? कुणी केलंय का असं मॅनेज, प्लीज सांगा.

सड्यावरचे_गुरुजी
२५ जुलै, सकाळी ६.५५

ताई, आधी त्या पोराला माफ करा, अभिनय चांगला आहे 😄 माझ्या वर्गातले निम्मे हेच करतात आणि आम्हाला कळतं पण.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या पायरीवर छत्री धरून लावलेल्या हजेरीचा तुमच्या मुलीला काडीचा उपयोग नाही. आवाज येत नसेल तर ती तीन तास पावसात बसतेय, शिकत नाहीये. आत्ता १४ जुलैला केंद्राच्या 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना आल्यात, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, तीही ३० ते ४५ मिनिटांची, असं लिहिलंय. तुमच्या मुलीच्या शाळेला हे भांडून नाही, नीट सांगा. सरळ लिहा की आमच्याकडे एक फोन, दोन मुलं, अमुक तारखेपासून फोन घरात नसेल, तर रोजचा अभ्यास संध्याकाळपर्यंत लिहून किंवा व्हॉइस नोट करून ग्रुपवर टाका. वर्गशिक्षकांना फोन करून सांगा, ग्रुपवर नको. ग्रुपवर सांगितलं की दहा पालक "सेम हिअर" लिहितात आणि सर बिचारे गप्प होतात. अनुभव आहे.

मुलाच्या बाईंना सासऱ्यांचा बटनाचा नंबर द्या. तिसरीच्या पोराला व्हिडिओ लागत नाही. मी आठवड्यातून दोनदा अशा सात मुलांना साधा फोन लावतो, दहा दहा मिनिटं. धडा वाचून दाखव म्हणतो, कुठे अडखळतो ते ऐकतो, पाढा विचारतो, झालं. आणि गंमत म्हणजे ही सात मुलं व्हिडिओवाल्यांपेक्षा पुढे आहेत कारण फोनवर हँग होता येत नाही.

टीव्ही आहे का घरात? सोमवारपासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालंय, पहिली ते आठवीसाठी, प्रत्येक इयत्तेची वेळ वेगळी, रविवारी सुट्टी. फ्री डिशवर पण दिसतं, नेट लागत नाही. त्यात पुस्तक वाचून दाखवत नाहीत, घरातल्या वस्तू घेऊन करायला लावतात, ते मुलांसोबत तुम्ही पण करायचं. लाईट गेली तर गेली, एखादा भाग चुकल्याने काही होत नाही.

वर्ष फुकट जायचं म्हणाल तर यंदा, २०२० ला, आठवीपर्यंत नापास करत नाहीत, मागच्या वर्षीची पहिली ते आठवीची परीक्षाच रद्द करून सगळ्यांना वर घातलं हे तुम्हाला माहीतच आहे. वर्ष जाणार नाही. जाईल ती सवय, रोज पुस्तक उघडायची. तेवढी धरून ठेवा. वेळ एकच ठरवा, आमच्याकडे लावणीच्या दिवसांत घरं रिकामी असतात म्हणून मी पालकांना सांगतो दिवा लावल्यानंतरचा एक तास. तुम्हाला काही यायची गरज नाही, तुम्ही तिथे जाळं शिवत बसलात तरी चालेल, पण बसा. टीव्ही बंद.

आणि मारू नका हो. आमची मारायची बंद झाली ना, मग तुमची पण करा 🙏

चिपळूणकरीण
२५ जुलै, सकाळी ९.२०

गुरुजींचं बरोबर असेल पण मी जरा वेगळं बोलते. सातवीच्या मुलीचे लाईव्ह तास सोडू नका. शहरातली मुलं चार चार तास क्लास करतायत, उद्या आठवी नववीला गेल्यावर हीच मागे पडणार. हप्त्यावर फोन घ्या, पाच सहा हजारात मिळतो, सोनं गहाण ठेवून लोक लग्न करतात मग शिक्षणाला का नाही.

वाशीतून_गावाक
२५ जुलै, दुपारी १.०५

@चिपळूणकरीण ताई ज्याचं घर वादळात गेलंय त्याला हप्ता सुचवणं सोपं असतं. असो, भांडत नाही.

बंदरावरच्या वहिनी, मी मे महिन्यात वाशीहून गावी आलो, गुहागरच्या बाजूला. ज्या शाळेत मी तिसरी शिकलो त्याच वर्गात १४ दिवस क्वारंटाईन, फळ्यावर अजून मार्चचा सुविचार. माझी दोन पोरं आणि माझं वर्क फ्रॉम होम, सगळं एका हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी, त्यामुळे या विषयात आता मी पीएचडी.

फोन जायच्या आधी तुमच्याकडे आठ दहा दिवस आहेत, त्यात हे करून घ्या. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ तो चौकोनी क्यूआर कोड असतो तो दीक्षा ॲपने स्कॅन करा, व्हिडिओ येतो, तिथेच डाउनलोडचं बटन आहे. रेंजच्या जागी एकदा डाउनलोड केला की मग घरात नेट नसताना कितीही वेळा बघा. फोन बोटीवरून आला की दोन दिवसात पुढच्या आठवड्याचे उतरवून घ्यायचे, आपण डिझेल आणि बर्फ भरतो ना तसं. पुस्तक हरवलं किंवा भिजलं असेल तर बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहे, पण फोनवर पुस्तक वाचायला देऊ नका, डोळ्यांची वाट लागते, तालुक्याला गेलात की हवी ती पानं झेरॉक्स करा.

लाईव्ह तासाला बसवायचंच तर व्हिडिओ बंद ठेवा, नुसता आवाज, नेट पाव पण जात नाही. आणि ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो ऑटो डाउनलोड होतात ते बंद करा, माझा अर्धा जीबी नुसता सूर्योदयात जात होता.

शेजारी कुणाकडे फोन असेल तर संध्याकाळी अर्धा तास मागा, पण फुकट नको, त्यांच्या पोराला पण सोबत बसवा म्हणजे तेही खूश.

देवबागची_काकी
२५ जुलै, दुपारी ३.३०

बाय, माझो झील चवथीत. मी सातवी नापास, माका काय येणा नाय. म्हणान मी त्याका सांगतंय, आज काय शिकलंस ता माका शिकव. तो मास्तर आणि मी पोर. मी मुद्दाम चुकतंय, मगे तो माका ओरडता, आणि पुस्तक उघडून दाखवता. तुझ्या चेडवाक धाकट्याचो मास्तर कर. दोघांचोय अभ्यास होतलो. माराचा नाय हां.

खाडीपलीकडचा
२५ जुलै, रात्री १०.१५

सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, मी फक्त अपूर्णांकाबद्दल लिहितो कारण ते वाचून मला राहवलं नाही.

ताई तुमचे सासरे होडीवर होते ना? मग तुमच्या घरात अपूर्णांकांचा मास्तर बसलाय आणि तुम्ही बाहेर शोधताय. त्यांना विचारा भरती कशी काढायची. आमचे आजोबा सांगायचे, तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. आज नागपंचमी, पाच पाऊणे पावणेचार. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायची, पाढ्यांसारखीच. सातवीच्या पुस्तकात तीन छेद चार लिहिलेलं असतं ते म्हणजे हेच पाऊण, दुसरं काही नाही. मुलीला हे समजलं की पुढचं ती करेल.

आणि तुम्ही पण. मासळीचे वाटे लावता ना? चोवीस बांगडे, सहा वाटे, त्यातला एक वाटा अर्धा करून दे असं गिऱ्हाईक म्हणालं तर तुम्ही डोक्यात करता की नाही? वही घेऊन करता का? मग अपूर्णांक अजिबात येत नाही कसं म्हणता. फक्त पुस्तकातली भाषा तुम्हाला नवीन आहे, ती मुलगी सांगेल.

बंदरावरची_आई
२६ जुलै, रात्री १२.१०

किती लिहिलंत सगळ्यांनी. डोळ्यात पाणी आलं खरंच. चिपळूणच्या ताईंनी पण चांगल्या मनानेच सांगितलं असणार, पण माझं होतं ते सोनं मेमध्येच गेलंय. उद्या मुलाच्या बाईंना फोन लावते. सासऱ्यांना पाऊणकी विचारली तर जेवता जेवता सुरू झाले ते थांबेचनात.

बंदरावरची_आई
९ ऑगस्ट, रात्री ९.५०

शेजारणीच्या फोनवरून लिहितेय, तिची मुलगी पण आता आमच्याकडेच बसते संध्याकाळी. हे नारळ सोडून दुसऱ्याच दिवशी गेले, वारा उठलाय म्हणतात, जिवाला घोर आहेच.

मुलाच्या बाई खूप चांगल्या निघाल्या, मंगळवार शुक्रवार बटनाच्या फोनवर लावतात. पहिल्या दिवशी तो घाबरून गप्पच, बाई म्हणाल्या "काय रे, इथे पण हँग झालास का?" म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आता मोठ्याने वाचतो, अडला की ताईकडे बघतो, ती ओठ हलवून सांगते, मी न बघितल्यासारखं करते.

मुलीच्या शाळेत जरा वेळ लागला. आधी म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. मग ते प्रज्ञाताचं सांगितलं, दोन दिवसांनी सर स्वतः म्हणाले व्हॉइस नोट टाकतो. रोज नाही टाकत, आठवड्यातून तीनदा येतात, शेजारणीकडे ऐकतो. इंग्रजीचं अजून अवघडच आहे, गणिताला आबा म्हणजे सासरे आहेत तसं त्याला आमच्याकडे कुणी नाही. टिलीमिली मुलगा बघतो पण लाईट असली तर, गेल्या आठवड्यात दोनच दिवस जमलं.

पण भरतीचं ऐका. आबा नि मुलगी रोज तिथी बघून वेळ काढतात, ती वहीत लिहिते, मग जेटीच्या पायऱ्यांवर जाऊन मोजते कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं. चार दिवसांत तिने शोधून काढलं की आबांच्या वेळेपेक्षा पाणी थोडं मागेपुढे होतंय, कधी पंधरा मिनिटं, एकदा जवळजवळ अर्धा तास. आबा म्हणतात तुझं घड्याळ चुकतंय. ती म्हणते तुमची पाऊणकी चुकतेय. दोघं दोन दिवस बोलत नव्हते 😄 आता तिने विज्ञानाच्या सरांना व्हॉइस नोट पाठवलाय की दर दिवशी बरोबर पाऊण तासच फरक का धरायचा, कमी जास्त का नाही. अजून उत्तर नाही.

खाडीपलीकडचे दादा, तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना. गणपतीच्या आत तिला आबांना हरवायचंय.