मदत हवी आहे: लो-कार्बने वजन उतरलं, पण एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १६१! अंडी बंद करायची का?

नमस्कार मंडळी. प्रश्न नवऱ्याचा आहे, पण तो स्वतः इथे लिहिणार नाही, म्हणून मीच विचारते.

वय ४७, बैठं काम, रोज ठाणे ते बीकेसी. दिवाळीआधीच्या चेकअपमध्ये फिजिशियननी 'मेटाबॉलिक सिंड्रोम' सांगितला, म्हणजे पोटाचा घेर, साखर, बीपी आणि रक्तातली चरबी एकत्रच बिघडणं. कंबर १०२ सेंमी, उपाशीपोटी साखर १०८, बीपी १३४/८८ (तेव्हापासून बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० चालू), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) दोन्ही बिघडलेले. पाचपैकी तीन निकष बसले तरी पुरतात म्हणे, याने पाचही बसवले. त्यात सासऱ्यांची अँजिओप्लास्टी ५४व्या वर्षी झालेली, त्यामुळे घरात सगळेच धास्तावले.

मग ऑफिसातल्या मित्राच्या नादाने लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं खाणं, सुरू झालं. पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा सगळं बंद. सकाळी साजूक तुपात तीन अंड्यांचं आमलेट, डब्यात पनीर किंवा चिकन आणि काकडी-टोमॅटो, रात्री मासे नाहीतर भुर्जी. शिवाय कॉफीत मोठा चमचाभर तूप घालून मिक्सरमधून काढायची. पहाटे सहाला तो मिक्सर ऐकून शेजाऱ्यांना वाटत असेल आम्ही चटण्यांचा व्यवसाय काढला. सासूबाईंमुळे अंड्याचा तवा वेगळा, आणि सोमवार-गुरुवार अंडं नाही. त्या दिवशी पनीर, आणि भरपाई म्हणून जरा जास्तच तूप.

फरक तर पडला. वजन ८९ वरून ८१, कंबर ९५, साखर ९७. पण लिपिड प्रोफाइल बघा:

आधी: टोटल २१२, ट्रायग्लिसराइड्स २६५, एचडीएल ३६, एलडीएल १२३
आता: टोटल २३०, ट्रायग्लिसराइड्स १४०, एचडीएल ४१, एलडीएल १६१

डॉक्टर म्हणाले, अंडी बंद करा आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी) सुरू करू. मित्र म्हणतो, एलडीएलकडे बघूच नकोस, ट्रायग्लिसराइड्स उतरलेत ना, बस्स. नवऱ्याला अर्थातच मित्राचं पटतंय. गोळ्यांचं पाकीट आणलंय, फोडलेलं नाही.

अंड्यांमुळेच वाढलं असेल का? पूर्ण बंद करावीत की फक्त पांढरं खावं? लो-कार्ब सोडून परत पोळी-भातावर यावं का? असा अनुभव कुणाला आहे का?

सातारी तडका
फक्त पांढरं खायला लावू नका हो. माझ्या साडूने वर्षभर खाल्लं, माणूस चिडचिडा झाला. बाकी जाणकार सांगतीलच.

लॅबवाला
ताई, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. रिपोर्टमध्ये एलडीएलपुढे 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय का बघा. बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, फ्रीडवाल्डच्या १९७२ च्या सूत्राने काढतात: टोटलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइड्स भागिले पाच तेही वजा.

तुमचे आकडे घालून बघा. आधी २१२ − ३६ − ५३ = १२३. आता २३० − ४१ − २८ = १६१. दोन्ही रिपोर्ट सूत्रात तंतोतंत बसतात, म्हणजे एलडीएल काढलेलंच आहे. ट्रायग्लिसराइड्स निम्मे झाल्यावर वजा होणारी रक्कम ५३ वरून २८ वर आली. एलडीएल ३८ ने वाढलेलं दिसतंय, त्यातले २५ इथूनच आले.

म्हणून टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा. याला नॉन-एचडीएल म्हणतात, धमनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. आधी १७६, आता १८९. वाढ आहे, पण १३ ची. एलडीएल बघून वाटते तेवढी उडी नाही. आणखी खात्री हवी असेल तर एपो-बी करून घ्या, त्यात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचा अंदाज येतो. मात्र मित्राला हेही सांगा की १८९ म्हणजे काही चांगला आकडा नव्हे. १७६ही नव्हता.

गवती चहा
आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळे अंड्यावर तुटून पडलेत, तूप मात्र कुणाच्या नजरेत नाही. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं बलकात. पण बहुतेकांच्या बाबतीत रक्तातलं एलडीएल खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटने (तूप-लोण्यात भरपूर असते ती चरबी) जास्त वाढतं. अंड्यात ते दीड ग्रॅमच. तीन अंड्यांचं मिळून साडेचार-पाच ग्रॅम. कॉफीतलं चमचाभर तूप एकटंच आठेक ग्रॅम. त्यावर आमलेटचं तूप, पनीर, सोमवार-गुरुवारची भरपाई. एलडीएल कमी करायचं असेल तर २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला तेराएक ग्रॅमच्या आत राहा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. यांचं नाश्त्यालाच संपतंय.

अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात नेमका हाच प्रयोग झालाय, मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांवर. कर्बोदकं एकूण कॅलरींच्या २५ ते ३० टक्के, एका गटाला रोज तीन अख्खी अंडी, दुसऱ्याला बलक नसलेला पर्याय, १२ आठवडे. अख्खी अंडी खाणाऱ्यांचं एचडीएल जास्त सुधारलं, इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला दाद न देणं) कमी झाला, एलडीएल वाढलं नाही. तिथे तुपाची कॉफी नव्हती, हे लक्षात घ्या.

तेव्हा परत तीन पोळ्या आणि भाताच्या मुदीवर जाऊ नका. कॉफीतलं तूप आधी बंद. आमलेट शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलात, तेही चमचाभरच. रोज एखादं अख्खं अंडं, वर हवं तर पांढरं. डब्यात मटकी-मुगाची उसळ आणा, थोडी कर्बोदकं येतील, येऊ द्यात. त्यातला विद्राव्य फायबर एलडीएल उतरवायला मदत करतो. मेथी, भेंडी, मूठभर बदाम आणि बांगडा चालू ठेवा.

शंकासुर
कनेटिकटचा अभ्यास चाळीसेक लोकांचा आणि तीन महिन्यांचा. हार्ट अटॅक तीन महिन्यांत मोजता येत नाहीत. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या २९,६१५ लोकांची आकडेवारी आली होती, त्यात रोज अर्ध्या अंड्यामागे हृदयविकाराचा धोका सहा टक्क्यांनी जास्त दिसला. लगेच २०२० मध्ये 'बीएमजे' या दुसऱ्या नियतकालिकात आलं की रोज एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसत नाही. दोन्ही निरीक्षणात्मक, म्हणजे लोक काय खातात ते नुसतं नोंदवलेलं, त्यातून कारण सिद्ध होत नाही. म्हणजे एका अंड्यावर वाद घालता येतो, रोज चार-पाच खाणाऱ्यांसाठी यातलं काहीच निश्चिंत करणारं नाही.

आणि ज्याच्या वडिलांची ५४ला अँजिओप्लास्टी झाली, त्याने 'एलडीएलकडे बघू नकोस' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नये. वडील-भावासारख्या सख्ख्या पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत हृदयविकार असेल तर तो वेगळा धोका धरतात. स्टॅटिनचा मुद्दा अंड्यांमुळे आलेला नाही. तो आधीच्या रिपोर्टवरही निघाला असता.

पांढरा कोट
रिपोर्ट न तपासता सल्ला देत नाही, पण डॉक्टरांना हे विचारा: टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलंय का? थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल वाढतं. वजन भराभर उतरत असतानाही लिपिड तात्पुरते हलतात. आणि वजन घटल्यावर बीपी खाली येतं, गोळीचा डोस बघावा लागतो, उठताना चक्कर येते का लक्ष ठेवा.

हा धागा वाचून कुणी परस्पर लो-कार्ब सुरू करणार असेल तर एक सूचना. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर कर्बोदकं एकदम तोडली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं, जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. लॅबवाला दादा, खरंच 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय, अगदी बारीक अक्षरात. ही वजाबाकी नवऱ्याला कागदावर करून दाखवली. २५ वर जाम खूश झाला, १८९ वर गप्प बसला. शंकासुर, तुमचा प्रतिसाद मुद्दाम मोठ्याने वाचला. सासूबाई शेजारीच होत्या, ५४ ऐकल्यावर त्यांनी मुलाकडे असं बघितलं की मला काही बोलावंच लागलं नाही.

शनिवारी डॉक्टरांकडे जातोय. एपो-बी आणि टीएसएच विचारणार, स्टॅटिनचा निर्णय त्यांचाच. तुपाची कॉफी कालपासून बंद.

गवती चहा, उसळ रोज म्हटली तर हा माणूस कंटाळणार. नाश्त्याला मुगाचं घावन चालेल का? आणि कार्ब म्हणून किती मोजायचं?

गवती चहा
चालेल. सालीच्या मुगाचं करा, तांदूळ अजिबात नको, आत मेथी किंवा कोबी. दोन मध्यम घावनांना कोरडे मूग ५० ग्रॅम धरले तर कर्बोदकं साधारण तीस ग्रॅम. तव्याला तेल ब्रशने लावा, तो बाटली घेऊन आला तर ओट्यापासून लांब ठेवा.